क्षची किंमत मतपेटीत

५ मार्च २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी बीजगणिताच्या बाजूने कौल दिला. ‘प्रस्ताव जी’ या नावाने प्रश्न रीतसर मतपत्रिकेवर छापला होता: शहरातल्या सरकारी शाळांनी आठवीत ‘बीजगणित १’ शिकवावं, असं शाळा मंडळाला सांगायचं का? सुमारे ८२ टक्के लोक ‘सांगा’ म्हणाले. हा कौल मंडळावर बंधनकारक नव्हता. शिवाय मंडळाने फेब्रुवारीतच बीजगणित परत आणायचा ठराव करून टाकला होता. तरी लोक मत देऊन आले. हौस दांडगी. वर्गसमीकरण किती मतदारांना सोडवता येतं, हे मात्र मतपत्रिकेवर विचारलेलं नव्हतं, म्हणून ८२ टक्के.

आठवीच्या पुस्तकावर शहराला मतदान घ्यावं लागतं, याचं मूळ तिथल्या गणिताच्या जिन्यात आहे. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती भाग १ आणि भाग २ म्हणून एकाच वर्षी येतात. एकात बुडालेला दुसऱ्यावर तरून जातो. तिथे एका वर्षी एकच विषय. बीजगणित १, मग भूमिती, मग बीजगणित २, मग प्री-कॅल्क्युलस आणि शेवटी कॅल्क्युलस. पायऱ्या पाच. हायस्कूल नववी ते बारावी, म्हणजे वर्षं चार. नामांकित विद्यापीठात जायचं तर बारावीला कॅल्क्युलस हवंच, असा पालकांचा समज, आणि तो अगदीच हवेतला नाही. पाचातून चार गेले, उरला एक, तो आठवीत बसवायचा. गेली कित्येक वर्षं ही वजाबाकी चालू आहे.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य शिक्षण मंडळाने ठरवलं की आठवीच्या यच्चयावत पोरांची परीक्षा बीजगणितातच घ्यायची. गव्हर्नर श्वार्झनेगर (तेच, टर्मिनेटर) यांचाच आग्रह होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथेच अडलं. मग २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने ठरवलं की आठवीत बीजगणित कुणालाच नको. नववीत सगळ्यांना एकदम द्यायचं, एकाच वर्गात बसवून. आधी सगळ्यांना, मग कुणालाच नाही. दोन्ही वेळा समतेचाच जयघोष.

मंडळाची तक्रार खोटी नव्हती, हे सांगायला हवं. अमेरिकेत ‘हुशार’ आणि ‘बाकीचे’ असे वर्ग पाडले की वरच्या वर्गात गोरी आणि आशियाई मुलं, खालच्या वर्गात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं, असं चित्र वारंवार दिसतं. जिनी ओक्स यांनी १९८५ मध्ये ‘कीपिंग ट्रॅक’ नावाचं अख्खं पुस्तक त्यावर लिहिलं. ‘अ’ ते ‘फ’ तुकड्यांच्या शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला ते वाचायची गरज नाही. ‘अ’ला शाळेतले सर्वात जुने गणिताचे सर, जे कंपासला हात न लावता फळ्यावर गरगरीत वर्तुळ काढत. ‘फ’ला ज्यांचा तास मोकळा असेल ते, बहुधा पी.टी.चे. ‘वह्या काढा, सरावसंच लिहा’ ही एक सूचना ‘फ’ला जूनपासून मार्चपर्यंत पुरायची. इन्स्पेक्शनच्या दिवशी साहेबांना ‘अ’च्या वर्गावरून नेऊन थेट चहाकडे वळवायचे. आणि एकदा पाचवीत पोरगं ‘फ’मध्ये पडलं की ‘ब’मध्ये यायला आईला नवस बोलावा लागायचा.

म्हणजे दुखणं ‘फ’मध्ये होतं: शिक्षक नाही, लक्ष नाही, बाहेर पडायची वाट नाही. मंडळाने काय केलं, तर ‘अ’च्या दप्तरातलं पुस्तक काढून घेतलं. दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

पुढचं सांगायला ज्योतिषी नको. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी आठवीतलं बीजगणित ऑनलाइन विकत घेतलं. समजा, पुण्याहून तिकडे गेलेलं एक संगणकवालं जोडपं. रात्रीचं जेवण चाललंय, ताटाशेजारी लॅपटॉप उघडा.

“बाबा, हे तर शाळेत पुढच्या वर्षी शिकवणार आहेत.”

“म्हणूनच तू या वर्षी शिकायचंस.”

“आधी ती पोळी संपव,” आई म्हणते, “मग क्ष शोध.”

एवढं करून भागत नाही. पैसे भरून बाहेर शिकलेलं बीजगणित खरोखर डोक्यात शिरलंय का, हे तपासायला मंडळाने स्वतःची वेगळी परीक्षा ठेवली. शाळा शिकवणार नाही, पण शिकलात का ते विचारणार. हे जमत नसेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत भूमिती उरकायची, किंवा जिथे सोय आहे तिथे नववीत गणिताचे दोन-दोन तास करायचे. तेही हुकलं तर अकरावीत बीजगणित २ आणि प्री-कॅल्क्युलस एका वर्षात कोंबलेला अभ्यासक्रम. म्हणजे आठवीत एक पुस्तक झेपणार नाही म्हणून ज्याला थांबवलं, त्याला अकरावीत दोन. आणि जे कुटुंब यातलं काहीच करू शकत नव्हतं, म्हणजे ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याचं पोर नववीत शांतपणे बीजगणित १ शिकत बसलं.

मंडळाने यशाचा आकडाही काढला. बीजगणितात पुन्हा बसावं लागणाऱ्या मुलांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं म्हणे. देशभर कौतुक झालं. मग काही चिकट पालकांनी कागद उकरले तेव्हा कळलं की पुढच्या पायरीवर जायला जी परीक्षा लागायची, तीच मधल्या काळात गेली होती. परीक्षा काढली की नापास कमी होतात, या शोधाचं पेटंट खरं तर आपलं. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापासबंदी आणली तेव्हाच आपण ते घ्यायला हवं होतं. स्टॅनफर्डच्या थॉमस डी आणि एलिझाबेथ हफेकर यांनी २०२३ मध्ये सहकाऱ्यासह आकडे नीट तपासले. बारावीपर्यंत प्रगत गणित घेणारी मुलं सुरुवातीला कमी झाली, पुढे काहीशी सावरली. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं जेवढी मागे होती तेवढीच मागे राहिली.

या गोंधळात रॉबर्ट मोझेस यांची आठवण कुणाला झाली की नाही, कोण जाणे. साठच्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नावं मतदारयादीत घालायला गेले म्हणून मार खाल्लेला हा माणूस, पेशाने गणिताचा शिक्षक. १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये त्यांची मुलगी आठवीत गेली, आणि तिच्या शाळेत बीजगणितच नव्हतं. बाप म्हणाला, मी घरी शिकवतो. मुलगी म्हणाली, शाळेत एक आणि घरी एक, अशी दोन गणितं मी करणार नाही. (जगातली सगळी आठवीची मुलं इथे एक होतात.) शेवटी बाईंनीच मोझेसना वर्गात बोलावलं. मुलीबरोबर आणखी काही पोरं बसली आणि त्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. मताच्या हक्काइतकाच बीजगणिताचाही हक्क आहे, असं ते पुढे जन्मभर सांगत राहिले. मोझेस २०२१ मध्ये गेले. मत आणि बीजगणित एकाच कागदावर छापून आलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. एक विषय परत मागण्यासाठी ते छापलं, हे कळलं असतं तर त्यांना कितपत आवडलं असतं, शंकाच आहे.

मंडळाला दुसरी कामं नव्हती असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये, कोविडने शाळांची दारं बंद असताना, मंडळाने ४४ शाळांची नावं बदलायचा ठराव केला. यादीत वॉशिंग्टन होते, लिंकनही होते. गुलामगिरी संपवणाऱ्याचं नाव खाली उतरवायचं म्हणजे समतेचा केवढा वरचा क्लास! पुढे हा ठराव गुंडाळला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी तीन सदस्यांना मुदतीआधीच घरी पाठवलं.

नेमकं त्याच सुमारास मंडळाने शिक्षकांच्या पगारासाठी नवी संगणक प्रणाली बसवली होती. कोट्यवधी डॉलर मोजून आणलेली. तिने कुणाला कमी पगार दिला, कुणाला दिलाच नाही, कुणाचे विम्याचे पैसे गायब केले. मार्चमध्ये शिक्षकांनी मुख्यालयात ठिय्या मारला. नोव्हेंबरमध्ये मंडळाला या प्रकरणी आणीबाणी जाहीर करावी लागली. बेरीज, वजाबाकी आणि थोडी टक्केवारी, एवढाच त्या प्रणालीचा अभ्यासक्रम. तो कुठल्या इयत्तेत घ्यावा, यावर मात्र अजून प्रस्ताव आलेला नाही.