काटेकोर काका

इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबागेत म्हणा की सुदामानगरात, असे एक काका हमखास सापडतात. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दिवाळीत ते डिजिटल काटा आणतात आणि जन्मभर ज्या स्वयंपाकघरात फक्त चहा मागायला डोकावले, तिथे तपासनीस म्हणून रुजू होतात.

‘ही वाटी किती मिलीची?’ हा पहिला प्रश्न. वाटी कोणाच्या मुंजीत आली ते काकूंना ठाऊक असतं, मिली नाही. काका तिच्यात काठोकाठ पाणी भरून तोलतात. 150 ग्रॅम, म्हणजे 150 मिली. इथवर शास्त्र बिनतोड. मग त्याच वाटीत रवा 100 ग्रॅमच्या आसपास, साखर सव्वाशेच्या घरात आणि पातळ पोहे रव्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. कणकेचं तर विचारूच नका! चाळली की हलकी, दाबून भरली की जड.

एवढं कळल्यावर माणूस गप्प बसेल? सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, साखर, तूप सगळं सव्वा. काका गुरुजींना गाठतात: सव्वा वाटी की सव्वाशे ग्रॅम? वाटीनं सारखं घेतलं तर वजनात साखर रव्यावर कुरघोडी करते, मग प्रसाद समप्रमाणात कसा? गुरुजींना पुढची पूजा अन्नपूर्णा रोडला असते. ते घड्याळ बघतात.

काकांकडे इतिहासही तयार असतो. मेट्रिक वजनं देशात 1958 पासून लागू होत गेली. त्याआधीचा 80 तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. पण धान्य मापायचा शेर वेगळा, चार शेरांची पायली करणारा. म्हणजे वजन आणि माप यांचा घोळ आजोबांच्या काळापासूनचाच. हे व्याख्यान भाजणीचे तांदूळ भाजले जात असताना होतं, त्यामुळे काकूंना पळून जाता येत नाही.

रात्री सराफ्यात तर काकांची फार तगमग होते. दिवसा जिथे सोनं तोलून विकतात, तिथेच दुकानं मिटल्यावर साबुदाण्याच्या खिचडीवर जीरावन मसाला चिमटीनं पडतो. ‘कितना डालते हो?’ ‘अंदाज से, भिया.’ काका खिचडी संपवतात, पण नाराजीनं.

एका गणेश चतुर्थीला कॅनडातल्या लेकीनं उकडीच्या मोदकांचं प्रमाण विचारलं. घरचं प्रमाण एक वाटी पिठीला एक वाटी पाणी. काकांनी ते सुधारून कळवलं: 100 ग्रॅमला 100 ग्रॅम. वास्तविक वाटीभर पिठी 100 ग्रॅमच्या आसपास भरते, पाणी 150. उकड रांगोळीसारखी भुरभुरली. फोनवर लेक एवढंच म्हणाली, ‘बाबा, आई कुठंय?’

काकूंनी सांगितलं, कुठलीही वाटी घे, पण दोन्हीला एकच. तिकडचा कप 240 मिलीचा असो की 250 चा, मोदकांना फरक पडत नाही. केकच्या बाबतीत मात्र काकांचंच खरं मानावं लागतं. वाटी लहान घेतली म्हणून अंडं लहान होत नाही.

तेव्हापासून काकांकडे वाट्यांचं खातं आहे. शेजारी मोदक गेले आणि वाटी परत आली की ते तिच्यात पाणी भरून तोलतात.

‘ही आपली नाही. 10 मिलीनं लहान आहे.’

काकू पाणी ओतून वाटी पालथी करतात आणि बुडावर कोरलेलं शेजारणीचं नाव वाचून दाखवतात.