दख्खनच्या लाव्हारसास खुले पत्र

श्रीमान लाव्हारस (मूळ मुक्काम : पृथ्वीचे पोट) यांस,
एका परभणीकराचा सा. न. वि. वि.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपण न बोलावता आलात, पाच लाख चौरस किलोमीटरांवर ऐसपैस पसरलात आणि अजून उठायचे नाव नाही. पाथरीत खणा की गंगाखेडला, काळी माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण. म्हणजे पुन्हा आपणच. काळ्या रानात कापूस येतो, त्याबद्दल आभारी आहोत.

तक्रार आहे ती, ही भूमी सरकत आल्याचा पुरावा दडपल्याची. गाळ पाण्यात बसताना त्यातले चुंबकीय कण पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे वळतात : विषुववृत्तावर आडवे, ध्रुवाजवळ उभे. गाळाच्या खडकात हा कल मोजला की जमीन तेव्हा कोणत्या अक्षांशावर होती ते उमगते. चंद्रपूरकरांची चैन बघा. इरईजवळ त्यांच्याकडे चुनखडकावर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीचे ओरखडे आहेत. होय, चंद्रपुरात, बर्फ! तिथल्या कोळशाच्या थरांतली ग्लोसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीची पाने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही सापडतात. असल्याच दाखल्यांवर जर्मनीच्या वेगनरने १९१२ मध्ये खंड सरकतात असे मांडले. जगात जर्मनी, भारतात परभणी हे खरे. पण परभणीचे दाखले आपल्या बुडाखाली.

१९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीत खोल बोअर घेतले, तेव्हा आपण सुमारे ३३८ मीटर जाड निघालात आणि खालचा गाळ जेमतेम ८ मीटर. साक्षीदार इतका दडपला की जबाबही बदलतो : भाराने कणांचा कल चपटा होतो आणि जमीन होती त्याहून विषुववृत्ताच्या जवळ भासते. वा, काय बंदोबस्त!

फक्त एक घोटाळा झाला. थिजून निवताना, ५८० अंश सेल्सिअसच्या खाली उतरताच, आपल्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजानेही दिशा नोंदवून ठेवली. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी १९५६ मध्ये आपला हा कबुलीजबाब छापूनही टाकला. हिशेब असा लागतो : आपण आलात तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला ३० अंशांच्या आसपास होती. आज परभणी उत्तरेला १९ अंशांवर आहे.

तेव्हा दंड माफ, पण एक अट. परभणी मागास आहे असे यापुढे कोणी म्हणाले, तर आपण जातीने साक्षीला यावे आणि सांगावे, ‘हा जिल्हा माझ्यादेखत पाच हजार किलोमीटर पुढे आला आहे, तोही मला पाठीवर घेऊन.’

कळावे,
आपल्याच डोक्यावर राहणारा
एक परभणीकर