भिडेखातर

भाचा म्युच्युअल फंडांची कसलीशी परीक्षा पास झाला आणि पेढे घेऊन आला. देवाला नमस्कार केला, मामीला केला, मग मला करता करताच त्यानं सॅकमधून चार पानी फॉर्म बाहेर काढला.

"मामा, तू मुळात कोणत्या प्रकारचा गुंतवणूकदार आहेस ते आज आपण शोधून काढू."

58 वर्षांच्या आयुष्यात मी चष्मा, रेल्वेचा पास आणि गॅसचं पुस्तक सोडून फारसं काही शोधलेलं नाही. पण पेढा तोंडात होता. नाही म्हणता आलं नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल.)

पहिलाच प्रश्न घातकी होता. बाजार 20 टक्के पडला तर तुम्ही काय कराल? अ, सगळं विकाल. ब, थोडं विकाल. क, काहीच करणार नाही. ड, आणखी घ्याल.

"इ," मी आवाज खाली आणून म्हणालो, "हिला कळू देणार नाही."

"मामा, असा पर्याय नाहीये."

"तुमच्या फॉर्मात नसेल. घरोघरी हाच आहे."

मग त्यानं अनुभव विचारला. अनुभव होता. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंश कोसळला, म्हणजे 13 टक्क्यांहून जास्त. एका मित्राच्या मुलाच्या आग्रहामुळं माझीही महिना 2,000 ची सिप चालू होती. टीव्हीवरचा लाल रंग पाहून मी सगळं विकायला बसलो. पण ओटीपी जात होता माझ्या जुन्या नंबरावर, आणि ते सिमकार्ड कोणत्या पँटच्या खिशातून धुतलं गेलं याचा पत्ता नव्हता. नंबर बदलायचा तर लेखी अर्ज हवा, आणि बाहेर टाळेबंदी. कचेरीत अर्ज पोचेपर्यंत बाजार सावरलासुद्धा. वर्षअखेरीला सेन्सेक्स 47,000 च्या वर होता. सिम हरवलं म्हणून सिप वाचली.

भाच्यानं 'क'वर खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'दीर्घकालीन दृष्टी, संयम उत्तम.' शाळेत प्रगतिपुस्तकावर असला शेरा मला कधी मिळाला नव्हता.

पुढच्या पानावर अर्धगोल होता, स्कूटरच्या काट्यासारखा काटा असलेला. हा जोखीम दाखवतो म्हणे. हिरव्याकडून लालकडं सहा कप्पे. 'अति उच्च' हा सहावा कप्पा 2021 पासून आला. तोवर पाचात भागत होतं. "आता तुझी आतापर्यंतची गुंतवणूक दाखव," भाचा म्हणाला. मी कपाटाची तिजोरी उघडली, आणि इतकी वर्षं जपलेला माझा स्वभाव डांबरगोळ्यांच्या वासासकट बाहेर आला.

सगळ्यात वर पीपीएफचं पासबुक. 1989 ला नोकरीला लागलो तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "खातं उघडा." उघडलं. तेव्हा 12 टक्के व्याज होतं. 15 वर्षं झाली, मग पाच, आणखी पाच अशी मुदत वाढवत गेलो. व्याज 12 वरून 7.1 वर उतरलं, हेडक्लार्क निवृत्त होऊन पुण्याला गेले, मी आपला अजून खात्यात पैसे भरतोय. त्यांनी थांबा असं सांगितलेलं नाही.

त्याखाली तीन पॉलिसी. एक सासऱ्यांच्या मावसभावाची, एक शेजारच्या वहिनींची, एक अशा गृहस्थांची की ज्यांनी 28 मार्चला ऑफिसात येऊन माझा टॅक्स वाचवला आणि पुढची 20 वर्षं हप्ता मागं लावला. मग किसान विकास पत्रं. पोस्टाच्या एजंट मावशी तीन जिने चढून, धापा टाकत यायच्या. जी बाई आपल्यासाठी तीन जिने चढून आली तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? 1988 साली योजना निघाली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. आता 115 महिने लागतात. तिसऱ्या मजल्यावर चढायला मलाही पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो, त्यामुळं तक्रार नाही.

आणि सगळ्यात खाली, हिरव्या वेलबुट्टीचं प्रमाणपत्र. सागाचं झाड! नव्वदीच्या दशकात एक कंपनी आमच्या नावानं सागाचं रोप लावणार होती, 20 वर्षांनी त्याचे 50,000 येणार होते. सेबीनं असल्या योजनांना 1999 साली नियम लावले, तोवर कंपनीचं ऑफिसच उपटलं गेलं होतं. प्रमाणपत्र मात्र उत्तम कागदावर आहे, वाळवीनंसुद्धा तोंड लावलेलं नाही. ते मी घेतलं होतं कारण विकायला आलेला मुलगा माझ्या वर्गशिक्षकांचा जावई होता.

भाचा बराच वेळ कागद चाळत राहिला. "मामा, यात परतावा बघून घेतलेलं एकही नाहीये. जोखीम बघूनही नाही."

"माणूस बघून घेतलंय."

धाडसी, संतुलित आणि सावध एवढे तीनच गुंतवणूकदार त्याला अभ्यासक्रमात होते. चौथा, भिडस्त, त्याच्यासमोर बसला होता. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडं म्हणतात. तिचं माझ्या घरी येणंजाणं पस्तीस वर्षं तरी आहे.

इतका वेळ आमची ही पोळ्या लाटत होती. आता हात पुसत बाहेर आली, आणि धान्याच्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पावत्या काढल्या. तीन सहकारी बँकांतल्या मुदत ठेवी. जुन्या पावत्या सगळ्या 90,000 च्या.

"नव्वदच का, मामी?"

"बँक बुडाली तर विम्याचे एक लाखच मिळायचे ना तेव्हा. त्यात व्याजही धरतात. मग लाख कशाला ठेवायचे? 2020 मध्ये मर्यादा पाच लाख झाली, तेव्हापासून हात सैल सोडलाय."

भाच्यानं फॉर्म माझ्यापुढून उचलला आणि तिच्यापुढं ठेवला. तिला वाकून नमस्कार कर असं कुणी सांगितलं असतं तर त्यानं तो पुन्हा केला असता.

आता राहिला रकाना उद्दिष्टाचा. मुलीचं शिक्षण झालंय, लग्न झालंय. दोन्ही वेळा पैसे ऐनवेळी पीएफमधून काढले, त्यामुळं उद्दिष्ट म्हणून ती कुठं लिहायची राहूनच गेली. मी परदेश प्रवासाकडं बोट नेलं. युरोप म्हणणार होतो.

"लिफ्ट," ही म्हणाली.

आमची इमारत डोंबिवलीतली, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. लिफ्टवर आठ वर्षं सभा चालू आहेत. तळमजल्यावाले म्हणतात, आम्ही कशाला वर्गणी द्यायची? चौथ्या मजल्यावाल्यांचा मुलगा त्यांना न्यायला येतो म्हणतो, म्हणून ते गप्प. मधल्या मजल्यांवरची माणसं तेवढी गुडघे धरून हात वर करतात. दर सभेला अंदाजपत्रक वाढतं, चहा तोच असतो.

"पण मामी, बाकीच्यांनी पैसे नाही दिले तर?"

"हे देतील की. यांना कुणी मागितले आणि यांनी नाही म्हटलंय?"

भाच्यानं गंभीरपणे उद्दिष्टापुढं 'लिफ्ट' लिहिलं. मग पेन त्या अर्धगोलावर टेकवून विचारलं, "आणि जोखीम काय लिहू? मध्यम, उच्च, की अति उच्च?"

"तिसरा मजला लिही," ही म्हणाली आणि पोळ्या लाटायला आत गेली.