लोकरकाकू आणि हत्तीचा चौथा पाय

प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक भिशीत आणि लांब पल्ल्याच्या गाडीच्या प्रत्येक डब्यात एक तरी लोकरकाकू असतेच. ती ओळखायला चेहरा बघावा लागत नाही. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून वर आलेला एकच धागा आणि धाग्याच्या टोकाला अजून डोकं न फुटलेला हत्ती, एवढं पुरतं. गाडी कर्जतला थांबो की घाटात अडको, तिचे ओठ हलत असतात. शेजारच्या प्रवाशाला वाटतं, बाई स्तोत्र म्हणताहेत. बाई टाके मोजत असतात. कोणी ‘काकू, चहा घेणार?’ असं विचारलं तर उत्तरादाखल नुसता डावा हात वर होतो, आणि ओळ पुरी होईपर्यंत चहावाला पुढच्या डब्यात गेलेला असतो. हत्ती कोणासाठी, या प्रश्नाला मात्र ती तत्काळ उत्तर देते: ‘नातवासाठी.’ नातू नसेल तर भाचीच्या मुलासाठी, तोही नसेल तर ‘होईल की कोणाला तरी.’ या उत्तरावर समाजाने आजवर विनातक्रार विश्वास ठेवला आहे. माझ्या मते ते उत्तर साफ खोटं आहे. मूल हे निमित्त. हत्ती काकूचा स्वतःचा असतो, आणि तो तसाच असावा.

पहिला पुरावा हत्तीच्या डोक्यातच आहे. क्रोशाने गोल विणायचा तर मधल्या कडीत सहा मुके खांब घालायचे, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहाच वाढवले तर चकती सपाट पडते. वाढवणं थांबवलं की तिची वाटी होते. घटवत गेलं की तोंड मिटून चेंडू होतो. सहापेक्षा जास्त वाढवले तर कडेला झालर उठते. या झालरीला काकू ‘बिघडलं’ म्हणते आणि उसवते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली हीच झालर मुद्दाम विणली आणि हायपरबोलिक भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात ठेवली. कागदाची प्रतिकृती फाटायची, लोकरीची टिकली. म्हणजे जगभरचे प्राध्यापक ज्यासाठी टाळ्या वाजवतात ते आपल्या काकूंनी किती वेळा उसवून पुन्हा गुंडाळून ठेवलं असेल, याचा हिशेब नाही. मुद्दा असा की एवढी भूमिती दीड वर्षाच्या मुलासाठी कोणी करत नाही. त्याला चोवीस आणि पंचवीस टाक्यांतला फरक कळत नाही, तो हत्तीचा कान तोंडात घालतो. फरक कळतो तो काकूला. रात्री साडेअकराला, घर झोपल्यावर, हत्तीचा चौथा पाय बाकीच्या तिघांपेक्षा एका फेरीने लांब झालाय हे तिच्या ध्यानात येतं. हत्ती किंचित लंगडतो. नातवाची काही हरकत नसते. काकू पाय उसवते.

बाहुलीच्या कपड्यांत तर ही गोष्ट आणखी उघडी पडते. १९५९ साली बाजारात आलेली बार्बी साडेअकरा इंचांची आहे आणि तिच्या कमरेचा लोकरीशी काडीमात्र संबंध नाही. तिचा पंजा कायम थोडा फाकलेला, त्यामुळे बाही चढवताना तिचा अंगठा टाक्यात अडकतो. यावर काकूंच्या जगात इलाज आहे: पंजाला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळायचा, बाही सरकवायची, मग तुकडा ओढून काढायचा. ज्या घरात नवऱ्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिवाळीपासून डबीत पडून आहे, त्याच घरात बार्बीच्या स्वेटरला मागून उघडणारी पट्टी, तीन मणीबटणं आणि ज्यात मुगाचा दाणाही मावणार नाही असा खिसा असतो. खिसा कशाला, असं विचारणाऱ्याला काकू उत्तर देत नाही. बाळकृष्णाचंही तेच. बाजारात त्याचे पोशाख नंबरावर मिळतात, पण काकूला नंबर पटत नाही. ती रांगत्या देवाचं माप दोऱ्याने घेते आणि वर उचललेल्या लोणीवाल्या हातासाठी एक बाही वेगळी पाडते. कौतुक करायला तिथे मूल नाही, आणि देव काही बोलत नाही. तरीही बाही उसवून दोनदा विणली जाते. याहून स्वच्छ पुरावा कोणत्या न्यायालयाला हवा?

यावर जुन्या पिढीचा आक्षेप ठरलेला आहे: आमच्या वेळी बाहुल्या खरंच मुलांसाठी होत्या. लाकडी ठकी होती, चिंध्यांची बाहुली होती, भातुकली होती. होती ना. पण बाहुला-बाहुलीचं लग्न आठवून बघा. मुलींना हवा असायचा खाऊ. मुंडावळ्या किती पदरी, शालू कोणत्या जरीकाठाचा तुकडा फाडून करायचा, यावर हुज्जत घालायच्या त्या दोन्हीकडच्या आया आणि मावश्या. आणि खऱ्या लग्नातलं रुखवत? क्रोशाची तोरणं, लोकरीची कुत्री, कापसाचे ससे, सुपाऱ्यांचे भटजी आणि वाजंत्री. त्या टेबलापाशी गेलेल्या मुलाच्या पाठीत धपाटा बसायचा. आपल्याकडे खेळणं हे हात लावू नये म्हणून करण्याची परंपरा चांगली जुनी आहे. लोकरकाकूने फक्त टेबलाच्या जागी काचेचं कपाट आणलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. कितीतरी मुलं विणलेल्या बाहुलीशिवाय झोपत नाहीत, तिचं नाक झिजेपर्यंत तिला घेऊन फिरतात. मग खेळणं मुलासाठी नाही कसं? खरं आहे. पण ती कोणत्या बाहुलीवर जीव टाकतात तेवढं तपासा. एक डोळा वर, एक खाली, मानेतून फायबर बाहेर डोकावतंय, शिल्लक लोकरीतून झालेली, काकू पाहुण्यांसमोर जी उशीखाली ढकलते, ती. बक्षीसपात्र हत्ती कपाटात एकटा. दोघांच्या कसोट्या निराळ्या आहेत एवढंच यातून निघतं. एका ठिकाणी मात्र मला माघार घ्यावी लागते, आणि ती जागा म्हणजे डोळे. चकचकीत मण्यांचे किंवा बटणांचे डोळे हत्तीला शोभतात, हे काकूला चांगलं ठाऊक असतं. तरी तीन वर्षांखालच्या मुलासाठी ती ते लावत नाही. काळ्या दोऱ्याने भरते, कारण मणी सुटला तर घशात जाईल. केसाळ लोकर बाजूला ठेवून सुती धागा घेते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचं झालं आणि हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट मिळाली. काकूची नोंद कुठेही नाही, पण तिची तपासणी सरकारी तपासणीहून कडक: दोन्ही कान धरून हत्ती टांगायचा आणि हिसडा द्यायचा. तेव्हा हत्तीचे डोळे आणि कान मुलाचे, हे मान्य. उरलेला हत्ती तिचाच.

राहिला व्यवहार. मुलगा म्हणतो, ‘आई, अगं दुकानात दोनशेला मिळतो.’ तो कापडाचा, यंत्रावर शिवलेला. दोन सुयांचं विणकाम करणारं यंत्र इंग्लंडात विल्यम लीने १५८९ मध्येच केलं. क्रोशाचं मात्र अजून कारखान्यातल्या यंत्राला साधलेलं नाही. दुकानात अस्सल क्रोशाचा हत्ती स्वस्त दिसला तर तोही कोणाच्या तरी हातांनीच विणलेला असतो, आणि त्या हातांना काय मिळालं असेल याचा हिशेब आपणच करावा. काकू महिला मंडळाच्या प्रदर्शनात हत्ती मांडते, तेव्हा गिऱ्हाईक त्याला हातात तोलून म्हणतं, ‘एवढी लोकर कुठे लागते याला?’ काकू वाद घालत नाही. हत्ती परत पिशवीत ठेवते आणि संध्याकाळी शेजारच्या बारशात फुकट देऊन येते. याला लोक अव्यवहारीपणा म्हणतात. मला तो धंद्यातला ताठा वाटतो, आणि चांगला वाटतो: पारख नसलेल्याला विकायचं नाही, बाळाला पारख नसली तरी निदान ते घासाघीस करत नाही.

तेव्हा कोणी असा हत्ती तुमच्या हातात ठेवला, तर ‘किती गोड!’ म्हणून तो मुलाकडे सरकवू नका. आधी उलटा करा, चौथा पाय जोडल्याची जागा निरखून बघा आणि सुई कितव्या नंबरची होती ते विचारा. काकू तुमच्याकडेच बघत असते.