एफ-नाइन आप्पा

नंदुरबार जिल्ह्यात तालुके सहा, आणि सहाही तालुक्यांत कुणाची ना कुणाची टोटल अडकलेली असतेच. म्हणून आप्पांना उसंत नाही. आप्पा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. नवापूरला ते निवृत्त मास्तर असतील, तळोद्याला पतसंस्थेतले क्लार्क, शहाद्याला एखाद्या आडत्याचे हिशेबनीस. खिशात पेनाशेजारी पेनड्राइव्ह दिसला आणि फोनवरचं पहिलं वाक्य “कशालाच हात लावू नका, मी येतोय” असं असलं, की समजायचं हे आप्पा. १९९८ साली जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला, कार्यालयं आली, मागोमाग संगणक आले आणि संगणकामागून हे. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्या दिवशी एक्स्टेंशन बोर्ड आपणच लावला होता, असा एकाहून जास्त आप्पांचा दावा आहे.

आप्पांचा खरा हंगाम मिरचीचा. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येऊन पडते, व्यापारी ती शहराबाहेरच्या पथारींवर वाळत घालतात. फाईलमध्ये रकाने ठरलेले: ओलं वजन, सुकं वजन, घट, मजुरी. मुनीम सुक्या वजनाचा नवा आकडा टाकतो, एंटर मारतो, आणि खालची बेरीज ढिम्म! पथारीवरची मिरची उन्हानं कडकडीत झाली तरी फाईलमधली अजून ओलीच.

“आप्पा, टोटल हालत नही.”

“काय व्हयनं? शेवटचं कोण बसलं होतं?”

फॉर्म्युल्यावर आप्पा कधी संशय घेत नाहीत, माणसांवरच घेतात. आणि बऱ्याचदा ते बरोबर ठरतात, हे कबूल केलं पाहिजे. कुणीतरी फॉर्म्युल्यावरच आकडा ठोकून दिलेला असतो. कुणी चौकटीत ‘५० किलो’ असं लिहितो. मग तो आकडा राहत नाही, मजकूर होतो आणि बेरीज त्याला खुशाल वगळते. अशी चौकट आप्पा लांबूनच ओळखतात, कारण आकडे उजवीकडे सरकून बसतात, मजकूर डावीकडे. यातलं काहीच सापडलं नाही, तर मात्र विधी सुरू होतो. आप्पा रुमालानं स्क्रीन पुसतात, मुनिमाला चहा सांगायला बाहेर पाठवतात, कीबोर्ड पाठीआड जाईल अशा बेतानं खुर्ची सरकवतात आणि एफ-नाइन दाबतात. क्षणात साऱ्या बेरजा बदलतात.

“काय केलं, आप्पा?”

“काही नाही, सेटिंग होती.”

सेटिंग खरंच असते. एक्सेलमध्ये हिशेब आपोआप व्हावा की सांगितल्यावर, हे ठरवता येतं. सांगितल्यावरच ठेवला तर एफ-नाइन दाबेपर्यंत जुनीच बेरीज बसून राहते. ही सोय खोडसाळपणाची नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आलं, तेव्हाचे संगणक इतके मंद की प्रत्येक आकड्यापाठी अख्खा कागद नव्यानं मोजायचा म्हणजे माणसानं वाट पाहत बसायचं. आजही फाईल अगडबंब असली की लोक ती मॅन्युअलवर टाकतात.

आणि अगडबंब फाईल कुणाची? आप्पांची. पेनड्राइव्हमधली त्यांची ‘मास्टर फाईल’ वर्षानुवर्षं फुगत आली आहे. तिच्यात मिरची आहे, पगारपत्रक आहे, पुतण्याच्या लग्नातला आहेरसुद्धा आहे. उघडी असताना ती हलेना, म्हणून आप्पांनी तिला कधीतरी मॅन्युअल करून टाकलं. आता एक्सेलची खोड अशी, की सुरू केल्यावर पहिली जी फाईल उघडाल तिचीच रीत मागाहून उघडलेल्या सगळ्या फाईलींना लागते, आणि सेव्ह केलं की त्यांच्यात मुक्कामाला राहते. आप्पा कुठंही गेले की आधी मास्टर फाईल उघडतात, “नमुना दाखवतो” म्हणून. मग तिथली फाईल उघडतात, दुरुस्त करतात, सेव्ह करतात. देवीची लस टोचणाऱ्यानंच देवी पसरवाव्यात, तसला हा कारभार. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. आप्पा उसासा टाकतात, “माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही.”

हे बिंग फोडलं अक्कलकुव्याकडच्या एका ग्रामपंचायतीतल्या संगणकचालक ताईंनी. एमएस-सीआयटी झालेल्या, बोलायला कमी. आप्पा गेले की दोन दिवसांत टोटल अडकते, हे त्यांनी मनाशी नोंदवून ठेवलं होतं. मग त्यांना स्क्रीनच्या खाली डाव्या कोपऱ्यात ‘कॅल्क्युलेट’ अशी बारीक अक्षरं दिसली. त्या फॉर्म्युलाज टॅबमध्ये गेल्या, उजव्या टोकाचं ‘कॅल्क्युलेशन ऑप्शन्स’ उघडलं, ‘ऑटोमॅटिक’वर खूण केली, फाईल सेव्ह केली आणि कुणालाही काही बोलल्या नाहीत.

पुढच्या खेपेला आप्पांनी पेनड्राइव्ह काढला, तर ताई म्हणाल्या, “आप्पा, आधी माझी फाईल उघडते, मग तुमची.” आप्पांना त्यात गैर काही वाटलं नाही. मास्टर फाईल उघडली, नमुन्यादाखल एक आकडा टाकला, आणि ती वर्षांनंतर पहिल्यांदाच आपण होऊन मोजायला बसली. टक्के पुढं सरकेनात, स्क्रीन पांढुरकी पडली. आप्पांनी एफ-नाइन दाबला. पुन्हा दाबला.

“तुमचा कॉम्प्युटर जुना झालाय, ताई.”

“मॅन्युअल फाईल आता ऑटोमॅटिकवर आलीय, आप्पा,” ताई म्हणाल्या आणि सगळं नीट समजावून सांगितलं. आप्पांनी मान डोलावत ऐकलं, मधूनमधून “तेच तर” म्हटलं, आणि बाहेर पडताच धडगावला फोन लावला.

“अरे, टोटल अडकते ना, तर आधी आपली फाईल उघडायची. हो, हो... अक्कलकुव्याला मीच काढलं शोधून.”