तरणतलावालगतचा फलाट

लातुरात एखाद्या विशाल गृहसंकुलाचा नकाशा मंजुरीस आला असता वाहनतळ, कमान व नामफलकाची दिशा यांविषयी नगरपित्यांस जी रास्त चिंता वाटते, ती पाहून मन कृतज्ञतेने भरून येते. पाण्यासारख्या क्षुल्लक बाबीने ते विचलित होत नाहीत, कारण मांजरा धरण आटले तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आलेच होते. आमची विनंती एवढीच, की यापुढे प्रत्येक संकुलास तरणतलावालगत स्वतंत्र फलाट सक्तीचा करावा. त्याच साली पाणी भरण्याच्या जागी, रांगेतल्या घागरींसमोर, जमावबंदीचे कलम १४४ लागले होते; त्या हुकुमाची नक्कल खरेदीखतास जोडली, की ‘निवांत, गर्दीविरहित परिसर’ ही जाहिरातही कायदेशीर ठरेल.