किती घेता, आबाजी?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. डोकी फुटली तरी हात आवरत नाहीत. त्याच पांढुर्ण्यात सत्तरीच्या आबाजींना 'किती घेता?' एवढं विचारायला घरात कुणाची जीभ रेटत नाही. मोठ्या माणसाला कसं विचारायचं? आणि या वयात सोडवून तरी काय करायचं!

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. त्याच वर्षी मध्यप्रदेश सरकारनं दारूच्या दुकानांचे अहाते, म्हणजे तिथंच बसून प्यायच्या जागा, बंद केले. अहाता मग आबाजींच्या ओसरीवर आला. बीपीच्या गोळ्यांच्या डब्यामागे पव्वा. सकाळी बशीतला चहा धोतरावर सांडतो; मोहाचा एक घोट पोटात गेला की बशी स्थिर. घरचे म्हणतात, वय झालं, हात थरथरणारच. न्हाणीत पडले? वय झालं. नातवाचं नाव विसरले? वय झालं. वयाला बिचाऱ्याला बोलता येत नाही, म्हणून सगळी उधारी त्याच्या खात्यावर. म्हातारपणी अंगातलं पाणी कमी होतं, त्यामुळे चाळिशीत पचलेला पव्वा सत्तरीत जास्त चढतो. वर झोपेची गोळी असली तर विचारूच नका.

मग एखादा जावई शूर निघतो. बाटली नालीत ओततो, आबाजींना शपथ घालतो. मंगळवारी दारू बंद. गुरुवारी रात्री आबाजी गोधडीवरच्या मुंग्या वेचू लागतात. गोधडीवर एकही मुंगी नसते. 'बाहेरचं लागलं!' गाडी निघते सौंसरकडे, जामसावळीच्या निजलेल्या हनुमानाला. मारुतीरायाबद्दल आपली तक्रार नाही. पण रोजची दारू एकदम तोडली की असे भास होतात, झटके येतात, जीवही जातो. ती सोडवायची डॉक्टरांच्या देखरेखीखाली. देवदर्शन नंतरही होतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा फुकटचा सरकारी नंबर आहे, पण तो फिरवायचा म्हणजे घरात दारू आहे हे आधी कबूल करावं लागतं.

असंच एक कुटुंब शेवटी दवाखान्यात पोचलं. डॉक्टरनं विचारलं, "किती घेता, आबाजी?" मुलगा पंख्याकडे बघू लागला, सून पदराच्या टोकाकडे.

"दोन पव्वे," आबाजी म्हणाले. "बुढी गेली तवापासून. आजवर कोनी पुसलंच नाही न बाप्पा."